आधी न्हाणीघर, मग घर

वाचकहो, एक साधा प्रश्न विचारतो. समजा, तुमचं गाव गेलं. धरणाखाली म्हणा, नाहीतर लढाईत म्हणा. सरकारनं तुम्हाला दुसऱ्याच मुलखात जंगलाचा एक तुकडा नावावर करून दिला. हातात कुऱ्हाड, सोबत बायकोमुलं, दावणीला एखादी गाय, आणि चार महिन्यांवर कडाक्याचा हिवाळा. सांगा बरं, सगळ्यांत आधी काय बांधाल?

कुणी म्हणेल घर, कुणी म्हणेल गोठा, कुणी म्हणेल आधी विहीर पाडू. युरोपच्या उत्तर टोकाला असलेल्या फिनलंड देशातल्या शेतकऱ्यांवर खरोखरच ही वेळ आली, तेव्हा त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी आधी न्हाणीघर बांधलं! आणि घर उभं राहीपर्यंत त्याच न्हाणीघरात संसार केला.

आपल्याला हे जगावेगळं वाटेल. पण त्यामागे पक्कं शहाणपण होतं, आणि त्या शहाणपणावर शेकडो वर्षं जगलेला एक धंदाही होता. लाकडाची अंगणातली न्हाणीघरं बांधणाऱ्या घराण्यांचा हा धंदा कारखानदारीच्या रेट्यात टिकून कसा राहिला, हे आपल्या खेड्यातल्या कारागिरानंही समजून घेण्यासारखं आहे.

साउना म्हणजे काय?

या न्हाणीघराचं नाव साउना. इंग्रजी वळणानं आपण त्याला सॉना म्हणतो. शहरातल्या बड्या हॉटेलांत काचेच्या दारामागं विजेवर तापणारी खोली असते, ती याची शहरी नात समजा. मूळ साउना खेड्यातला, शेतकऱ्याच्या अंगणातला.

आपल्याकडे न्हाणीघर म्हटलं की चूल किंवा बंब, घंगाळ आणि गरम पाणी डोळ्यांपुढं येतं. साउनात पाण्याआधी हवा तापवतात. लाकडी ओंडक्यांची छोटी खोली, कोपऱ्यात भट्टी, भट्टीवर दगडांचा ढीग. खाली लाकडं पेटवून दगड चांगले तापवायचे. खोलीतली हवा सत्तर-ऐंशी, कधी शंभर अंश सेल्सियसपर्यंत जाते. मग लाकडी फळ्यांवर उघड्या अंगानं बसायचं आणि लाकडी पळीनं थोडं थोडं पाणी दगडांवर टाकायचं. चर्रकन वाफ उठते आणि अंगावर येते. या वाफेला फिनिश भाषेत 'लॉयल्यू' असा खास शब्द आहे. जुन्या काळी त्याचा अर्थ जीव, प्राण असा होता म्हणे. यावरून त्या लोकांच्या मनात साउनाची जागा कोणती, ते ओळखा.

घाम निथळला की बाहेर येऊन तळ्यात बुडी मारायची, हिवाळ्यात बर्फात लोळायचं, पुन्हा आत जायचं. शेवटी गरम पाण्यानं अंग धुवायचं. बर्चच्या, म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या झाडाच्या भाऊबंदाच्या, कोवळ्या पानांच्या डहाळ्यांची जुडी बांधून तिनं अंग हलकं झोडपायचं. आपल्या उटण्यासारखाच हा प्रकार. या जुड्या जूनच्या शेवटी पान भरात असतं तेव्हा बांधून वाळवून ठेवतात, त्या हिवाळाभर पुरतात.

फिनलंड क्षेत्रफळानं महाराष्ट्रापेक्षा थोडा मोठा. वस्ती मात्र फक्त ५६ लाखांच्या आसपास. एकट्या मुंबईची वस्ती याच्या दुपटीहून अधिक! आणि एवढ्याशा लोकांत साउना किती? तीस लाखांच्या वर. म्हणजे दर दोन माणसांमागं जवळजवळ एक. शेतावर आहे, तळ्याकाठी आहे, शहरातल्या इमारतीत आहे, एवढंच कशाला, त्यांच्या संसदेच्या इमारतीतही आहे. शनिवारची संध्याकाळ साउनाची, आणि नाताळच्या आदल्या दिवशीचा साउना तर आपल्या नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाइतका पक्का.

चार लाख विस्थापितांची गोष्ट

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू.

१९३९ ते १९४४ या काळात फिनलंडची सोव्हिएत रशियाशी दोन युद्धं झाली. शेवटी तहात देशाच्या पूर्वेकडचा करेलिया प्रांताचा मोठा भाग रशियाला द्यावा लागला. तिथले चार लाखांहून अधिक लोक घरदार, शेती, जंगल सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आले. देशातल्या साधारण दर नऊ माणसांमागं एक माणूस विस्थापित! आपल्याकडं कोयनेचं पाणी चढताना ज्यांनी गाव सोडलं, त्यांना या आकड्यामागचं दुःख वेगळं सांगायला नको.

फिनलंड सरकारनं १९४५ साली जमीन मिळवण्यासंबंधीचा कायदा केला. सरकारी जमीन, चर्चची जमीन, कंपन्यांची जमीन आणि मोठ्या शेतकऱ्यांच्या जमिनीतला तुकडा घेऊन विस्थापितांना आणि लढाईवरून परतलेल्या सैनिकांना वाटली. घरांचे साधे, सोपे नकाशे तयार करून दिले. पण कित्येकांच्या वाट्याला आलेली जमीन म्हणजे नुसतं जंगल होतं. झाडं तोडायची, बुंधे उपटायचे, दगड वेचायचे, तेव्हा कुठं शेत.

अशा ठिकाणी आधी साउना उभा राहिला. का? हिशेब मांडून बघा.

पहिली गोष्ट, तो लहान. आपल्याकडच्या दोन खणी घराएवढा. घरातल्या घरात दोन-तीन माणसं थोड्या दिवसांत त्याच्या भिंती उभ्या करू शकतात. दुसरी, त्यात भट्टी असते, म्हणून उणे वीस-पंचवीस अंशांच्या थंडीतही लेकरं तगतात. तिसरी, त्याच भट्टीवर पाणी तापतं, भाकरतुकडा होतो, कपडे धुता येतात, वाळवता येतात. आणि चौथी, दिवसभर झाडं तोडून शिणलेलं अंग रात्री शेकून निघतं. एका खोलीत चार खोल्यांचं काम! पुढं यथावकाश घर झालं की संसार तिकडे हलायचा आणि साउना आपल्या मूळ कामाला लागायचा.

ही युक्ती १९४५ साली कुणी नव्यानं काढली नव्हती. नवं रान मोडून वसणारा फिनिश शेतकरी कैक पिढ्यांपासून असंच करत आला होता. विस्थापितांनी फक्त वाडवडिलांचा धडा पुन्हा गिरवला. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. हे शक्य झालं, कारण कुऱ्हाड कशी धरायची आणि ओंडक्यावर ओंडका कसा बसवायचा, हे त्या माणसांच्या हाताला ठाऊक होतं. गाव मागे राहिलं, पण हातातली विद्या सोबत आली.

जन्म तिथं, शेवटची अंघोळही तिथं

जुन्या साउनाला धुराडं नसायचं. लाकडं पाच-सहा तास जाळायची, धूर खोलीतच कोंडायचा, दारातून आणि भिंतीतल्या झरोक्यातून बाहेर पडायचा. दगड तापले की निखारे विझू द्यायचे किंवा बाहेर काढायचे, उरलेला धूर जाऊ द्यायचा, आणि मग अंघोळीला जायचं. भिंती काजळीनं काळ्याकुट्ट, पण वाफ मऊ आणि गोड वासाची. जाणकार आजही म्हणतात, धुराच्या साउनाची सर कशाला नाही. फक्त आगीची भीती फार. म्हणून तो घरापासून लांब, पाण्याच्या जवळ बांधायचा असा दंडक.

या धुराच्या खोलीत मांस धुरवायचे, धान्याचे मोड सुकवायचे, जवसाचे ताग वाळवायचे. खेड्यातली बाळंतपणंही तिथंच व्हायची. गरम पाणी हाताशी, जागा स्वच्छ, आडोसा चांगला. घरात कुणी गेलं तर शेवटची अंघोळही तिथंच घालायचे. आजारी माणसाला शेकायला, अंग चोळायला, तुंबड्या लावायला वैदू बायका यायच्या, त्याही साउनात. म्हणूनच देवळात वागतो तसं साउनात वागावं, भांडू नये, शिवी देऊ नये, अशी त्यांच्याकडं जुनी म्हण आहे.

शेजारच्या एस्टोनिया देशातल्या व्होरोमा भागात ही धुराच्या साउनाची रीत अजून जिवंत आहे. २०१४ साली युनेस्कोनं तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. फिनलंडच्या साउना संस्कृतीला तो मान डिसेंबर २०२० मध्ये मिळाला.

झाड घरचं, म्हणून धंदा घरचा

आता धंद्याकडं येऊ. साउना बांधणारा कारागीर टिकला त्याचं पहिलं कारण जंगलात आहे.

फिनलंडची सुमारे तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली आहे. आणि त्यातलं जवळपास साठ टक्के जंगल सरकारचं नाही, कंपन्यांचं नाही, तर साध्या कुटुंबांचं आहे! असे काही लाख जंगलमालक त्या देशात आहेत. शेतकऱ्याचं शेत असतं तसं त्याचं जंगल. आजोबानं राखलेलं झाड बाप विरळतो आणि नातू तोडतो. कारण तिथल्या थंडीत पाइनचं झाड तोडायजोगं व्हायला सत्तर-ऐंशी वर्षं लागतात, उत्तरेकडे तर शंभराच्याही वर. सावकाश वाढलेल्या झाडाची वर्तुळं दाट असतात आणि लाकूड भरीव. साउनाच्या भिंतीला तेच उत्तम.

"मग तोडून तोडून जंगल संपत कसं नाही?" असं तुम्ही विचाराल. जंगल उजाड करायचं नाही, हा कायदा तिथं १८८६ सालचा. सरसकट तोड केली की नवी रोपं उभी करणं मालकावर बंधनकारक आहे. विकायला लाकूड तोडायचं तर निदान दहा दिवस आधी वनकेंद्राला कळवावं लागतं. घरच्या वापरापुरत्या झाडांना तेवढंही लागत नाही. आपल्याकडं १९६४ चा झाडं तोडण्याबाबतचा कायदा आहे. त्यातल्या अनुसूचीतलं झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. दोन्ही देशांची हवा वेगळी, लोकसंख्या वेगळी, म्हणून एकाला बरं नि दुसऱ्याला वाईट म्हणायचं कारण नाही. तिथंही सारं आलबेल नाही. अलीकडच्या वर्षांत तोड वाढली, जंगलं हवेतला कार्बन पूर्वीइतका शोषत नाहीत, आणि त्यावरून तिथं मोठा वाद चालू आहे. पण एक खरं, की ज्या कारागिराच्या घरचंच झाड असतं, त्याला वखारीच्या दारात उधारीसाठी उभं राहावं लागत नाही.

कुऱ्हाडीचं काम

साउना बांधतात तरी कसा? आमच्या सुतार बंधूंना यात रस वाटेल म्हणून जरा खुलासेवार सांगतो.

झाड तोडायचं ते भर हिवाळ्यात. तेव्हा झाडात रस कमी असतो आणि जमीन गोठलेली असल्यानं ओंडका बर्फावरून ओढून आणायला सोपा. पूर्वी घोड्याची बर्फगाडी, आता ट्रॅक्टर. शेतीची कामंही त्या वेळी बंद असतात, म्हणजे रिकाम्या हाताला काम. वसंतात साल सोलायची. मग ओंडके रचून सावलीत वाळू द्यायचे.

भिंत उभी करताना विटेसारखा चुना-सिमेंट नाही की खांब-तुळया नाहीत. आडवे ओंडके एकावर एक ठेवत जायचं, एवढंच. पण खरी मेख पुढं आहे. कुठलाही ओंडका तंतोतंत सरळ नसतो. म्हणून वरचा ओंडका खालच्यावर ठेवून दोन टोकांच्या लोखंडी अवजारानं खालच्याच्या पाठीचा चढउतार वरच्याच्या पोटावर आखून घ्यायचा. मग वरचा उलटा करून त्या रेघेबरहुकूम पन्हळीसारखी खोबण कोरायची. पुन्हा उलटा करून बसवला की टोपीसारखा घट्ट बसला पाहिजे. मध्ये वाळकं शेवाळ भरायचं. आता पुष्कळ जण जवसाच्या धाग्याची पट्टी घालतात. वारा आत येता कामा नये आणि लाकडानं श्वासही घेतला पाहिजे.

कोपऱ्यात दोन भिंतींचे ओंडके एकमेकांच्या खाचेत अडकतात. या खाचेचे प्रांताप्रांतात निरनिराळे प्रकार. खाच अशी कापायची की पावसाचं पाणी आत साचण्याऐवजी बाहेर ओघळावं. जाणता माणूस नुसता कोपरा बघून सांगतो, की हे काम कुठल्या भागातल्या हाताचं.

आणखी एक गोम. लाकूड वाळत जातं तसं आडवं आकसतं, शेवाळही दबतं. त्यामुळं ओंडक्यांची भिंत पहिल्या काही वर्षांत मीटरमागं तीन-चार सेंटिमीटर खाली बसते. म्हणून दाराखिडकीच्या चौकटीवर मुद्दाम फट सोडायची आणि ती फळीनं झाकायची. नवशिक्या हे विसरला की वर्षा-दोन वर्षांत दार अडकलंच म्हणून समजा!

आतल्या बसायच्या फळ्या पाइनच्या करत नाहीत. पाइनमधून उष्णतेनं राळ पाझरते आणि अंगाला चटका बसतो. त्यासाठी ॲस्पेन किंवा आल्डर यांसारखं बिनराळेचं, हलकं लाकूड घेतात. ते फार तापत नाही. फळ्यांना खिळे वरून ठोकायचे नाहीत, खालून स्क्रू आवळायचे. वर खिळ्याचं डोकं राहिलं तर बसणाऱ्याला डाग बसलाच!

दगडही वाटेल तो चालत नाही. नदीतल्या गोट्यात पाणी मुरलेलं असतं, तो तापला की फुटण्याची भीती. तिथं ऑलिव्हिन डायबेज नावाचा काळा, जड दगड वापरतात. हा आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाच्याच गोत्रातला. तापतो सावकाश, धरून ठेवतो फार वेळ, आणि वरचेवर पाणी पडूनही लवकर भुगा होत नाही. झाला की वर्षा-दोन वर्षांनी दगड उपसून खराब झालेले बदलायचे.

शिकवणी नाही, सोबत

ही विद्या पोथीतून आली नाही. पोर दहा-बारा वर्षांचं झालं की साल सोलायला बसायचं. मग शेवाळ वेचणं, मग ओंडका उलटवताना एक बाजू धरणं. रेघ आखायला मिळायची ती पुष्कळ उशिरा, आणि कोपऱ्याची खाच त्याहून उशिरा. घरातल्या बायकांकडं साउना तापवण्याची, बर्चच्या जुड्या बांधण्याची, बाळंतिणीची आणि आजाऱ्याची विद्या. भट्टीला किती लाकूड लागतं, धूर कधी सुटतो, वाफ कुठल्या कोपऱ्यात कोंडते, हे वापरणारीलाच आधी कळतं. बांधणाऱ्यानं तिचं ऐकलं तर पुढचा साउना सुधारतो.

मोठं काम निघालं की शेजारपाजार मदतीला येतो. आपल्याकडं इर्जिक घालतात ना, तसंच. त्याला तिकडं 'ताल्कोत' म्हणतात. मजुरी नाही. घरधन्यानं जेवण द्यायचं आणि काम उरकल्यावर साउना तापवून सगळ्यांना अंघोळ! आज याच्या छपरावर तू चढ, उद्या तुझ्या छपरावर मी चढतो, हा हिशेब.

कारखाना आला

मग यंत्र आलं. १९५० साली तापानी हार्विया नावाच्या माणसानं मध्य फिनलंडमध्ये साउनाच्या भट्ट्या बनवायला सुरुवात केली. घरगुती धंदाच तो. पुढं वाढत वाढत जगातल्या मोठ्या साउना कंपन्यांत गेला, घराण्याच्या हातून निघाला आणि २०१८ साली शेअर बाजारात आला. त्याच वर्षी या कंपनीनं अमेरिकेतली पिंपाच्या आकाराचे लाकडी साउना बनवणारी एक कंपनीही विकत घेतली.

१९५८ साली पूर्व फिनलंडमधल्या लिएक्सा भागात सारेलाइनेन भावांनी ओंडक्यांची घरं बांधायचा धंदा काढला. कुऱ्हाडीचं काम त्यांनी यंत्रावर आणलं. ओंडका यंत्रातून गेला की सगळीकडून सारखा गोल, खोबण तयार, खाच तयार. होन्काराकेने या नावानं तो धंदा देशोदेशी गेला. शेतातल्या भावांनी काढलेल्या धंद्याचा झाला कारखाना!

दुसरीकडं शहरं वाढली. इमारतींत विजेच्या भट्टीचे साउना आले. कळ दाबली की तासाभरात तापतो, लाकूड फोडायला नको, राख काढायला नको. पिंपाचा साउना तर खोक्यांत बंद होऊन येतो. फळ्यांवर फळ्या बसवायच्या, लोखंडी पट्टे आवळायचे, दोन दिवसांत अंगणात उभा.

आता बोला! कुऱ्हाडीनं महिना-दोन महिने कोरणाऱ्या घराण्यानं यापुढं करायचं काय? भाव कमी करावा तर पोट भरत नाही. भाव धरावा तर गिऱ्हाईक कारखान्याकडं जातं. शिकलेलं पोरगं हेलसिंकीला नोकरीला. आपल्याकडं रबरी टायरची गाडी आली तेव्हा लाकडी चाकाच्या सुतारापुढं हाच पेच होता ना?

मग टिकले कसे?

सगळे टिकले नाहीत, हे आधी सांगितलं पाहिजे. पुष्कळांनी कुऱ्हाड ठेवून दिली. जे टिकले त्यांनी यंत्राशी वेगाची शर्यत लावली नाही. यंत्राला जे जमत नाही, ते धरलं.

एक, त्यांनी जागा बदलली. पूर्वी कारागीर गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन तळ ठोकायचा. आता साउना आपल्याच अंगणात पुरा उभा करायचा, प्रत्येक ओंडक्यावर आकडा घालायचा, पुन्हा सगळा सोडवायचा, ट्रकवर चढवायचा आणि गिऱ्हाइकाच्या जागेवर नेऊन आकड्याप्रमाणे जोडायचा. त्यामुळं हिवाळाभर घरच्या घरी काम चालतं, गाईगुरं आणि शेतही सांभाळता येतं. शिवाय माल शंभर कोसांवरच काय, परदेशातही जाऊ शकतो.

दोन, त्यांनी दुरुस्ती सोडली नाही. ओंडक्यांच्या साउनात सगळ्यांत आधी कुजतो तो जमिनीलगतचा ओंडका. बाकीची भिंत शंभर वर्षंही ठणठणीत राहते. मग आख्खा साउना जॅकवर उचलून धरायचा आणि खालचे कुजके ओंडके काढून नवे घालायचे. या कामाला त्यांच्याकडं घोड्याला नाल ठोकण्याचाच शब्द आहे! कारखाना नवा माल विकतो. कुणाच्या आजोबांच्या साउनाला नाल ठोकायला त्याची गाडी येत नाही. त्याला माणूसच लागतो, आणि ज्याला जुनी खाच वाचता येते असाच लागतो.

तीन, त्यांनी विद्या घराबाहेर नेली. आपला मुलगा शिकणार नसेल तर दुसऱ्याचा शिकेल. ओंडक्यांचं बांधकाम तिथल्या व्यवसाय शाळांत शिकवलं जातं. शहरातली नोकरी सोडून कुऱ्हाड धरणारेही त्यात असतात. जातीची अट नाही, आडनावाची अट नाही.

आणि चार, गरज जिवंत राहिली. ही गोष्ट सगळ्यांत मोठी. साउना संग्रहालयात गेला नाही. लोक दर शनिवारी त्यात बसत राहिले. २०२२ च्या हिवाळ्यात युक्रेनच्या युद्धामुळं वीज महागली, तुटवड्याची भीती पडली. तेव्हा विजेचा साउना आठवड्यातून एकदाच तापवा, अशी विनंती सरकारी मोहिमेतून फिनिश लोकांना करण्यात आली. ज्यांच्या अंगणात लाकडाचा साउना होता, त्यांना या विजेच्या चिंतेचं काही वाटलं नाही. जुन्या वस्तूचं मोल अशा वेळी कळतं.

आपण यातून काय घ्यायचं?

वाचकहो, आपल्या हवेत अंगणात साउना बांधा, असं सांगण्यासाठी हा लेख नाही. मे महिन्यात आपलं पत्र्याचं घर फुकटचा साउना असतो! पण आपल्या गावात सुतार आहेत, लोहार आहेत, कुंभार, बुरूड आहेत. त्यांच्यापुढं हाच पेच आहे आणि पुष्कळ घरांत त्याचं उत्तर ठरून गेलंय, की पोरानं हे शिकू नये.

फिनलंडचा कारागीर आणि आपला बलुतेदार यांच्यात एक मोठा फरक आहे, तो झाकून चालणार नाही. तिथं लाकूडतासणारा स्वतःच शेतकरी होता, जमीन त्याची, झाड त्याचं. आपल्याकडं सुताराच्या हातात विद्या होती, पण झाड पाटलाचं आणि मोबदला वर्षाच्या सुगीला मिळेल तेवढा. तेव्हा बलुतं गेलं म्हणून अश्रू ढाळण्यात अर्थ नाही. ते गेलं ते बरंच झालं. पण बलुत्याबरोबर विद्याही जाते आहे, हे मात्र बरं नाही.

म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. तुमच्या गावात जो जुना सुतार असेल, त्याच्याकडं नवं काम नसलं तरी दुरुस्तीचं काम घेऊन जा. वाड्याचा दरवाजा बदलून लोखंडी बसवण्याआधी एकदा त्याला दाखवा. आणि हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी अशा एखाद्या म्हाताऱ्या हाताला आठवड्यातून एक तास शाळेत बोलवावं. सुताराचंच पोर हवं असं नाही, ज्याला आवड असेल त्यानं बसावं.

फिनलंडच्या विस्थापितांचं गाव गेलं, शेत गेलं. नव्या रानात त्यांना तगवलं ते हातातल्या कुऱ्हाडीनं आणि ती चालवायच्या विद्येनं. आपल्या पोरांच्या हातात आपण काय देऊन ठेवलंय, याचा हिशेब ज्यानं त्यानं आपल्या घरी करावा.